कॉमिक्सची होळी: अमेरिकेत कायदा झालाच नाही, मग बंदी घातली कोणी?

शुभंकर_ठाणे

ऑक्टोबर १९४८. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातलं स्पेन्सर हे छोटं गाव. मुलांनी घरोघर हिंडून गोळा केलेली दोन हजारांवर कॉमिक्स शाळेच्या आवारात रचली आणि पेटवून दिली. सुमारे सहाशे विद्यार्थी भोवती उभे होते, शिक्षक-पालकांचा पूर्ण पाठिंबा होता. डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला एका कॅथलिक शाळेत तसंच झालं. बर्लिनमध्ये नाझींनी पुस्तकं जाळली ती १९३३ साली. म्हणजे मध्ये फक्त पंधरा वर्षं, आणि त्यातली काही वर्षं याच देशाची पोरं त्याच नाझींशी लढत होती. त्या पोरांना आघाडीवर वाचायला कॉमिक्सच पाठवली जात.

पार्श्वभूमी थोडक्यात. दहा सेंटला मिळणारं कॉमिक तेव्हा अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या हातात असे. युद्ध संपलं तशी सुपरहिरोंची चलती ओसरली आणि गुन्हेगारी, भयकथा, प्रेमकथा यांची कॉमिक्स खपू लागली. त्याच सुमाराला बालगुन्हेगारी वाढल्याची ओरड सुरू झाली. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. फ्रेडरिक वर्थॅम यांनी १९४८ पासून लेख आणि भाषणांतून मांडायला सुरुवात केली की यामागे कॉमिक्सचा मोठा हात आहे. १९५४ मध्ये त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं आणि त्याच एप्रिलमध्ये सिनेटच्या बालगुन्हेगारी उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये सुनावणी घेतली.

पण माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. या सगळ्यानंतरही अमेरिकन संसदेने कायदा केला नाही. किंबहुना १९४८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकाशनांवरचं न्यूयॉर्क राज्याचं एक कलम फार मोघम आहे म्हणून रद्द केलं होतं. बंदी आली ती प्रकाशकांकडूनच. सप्टेंबर १९५४ मध्ये त्यांनी संघटना काढली, २६ ऑक्टोबरला नियमावली मंजूर केली, आणि चार्ल्स मर्फी या न्यूयॉर्कच्या मॅजिस्ट्रेटला परीक्षक नेमलं. मंजूर अंकावर शिक्का. शिक्का नसलेला अंक घाऊक विक्रेते उचलत नसत, गठ्ठे न सोडताच परत पाठवत. 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्द मथळ्यात नकोत. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही नको. प्रत्येक गोष्टीत सज्जनच जिंकला पाहिजे.

सगळे वर्थॅमना खलनायक ठरवतात. मला वाटतं खरा दोष त्या शिक्क्याचा आणि तो मारून घेणाऱ्यांचा आहे. सरकारने बंदी घातली तर कोर्टात जाता येतं. शिक्क्याविरुद्ध कुठे जाणार? तुमचं मत काय?


माळरान

उत्तम विषय. वाचतोय. एक प्रश्न: बालगुन्हेगारी खरंच वाढली होती, की पेपरांनी वाढवली?


रेवती ग.

शुभंकर, लिहिलंय छान, पण त्या काळच्या पालकांना एकदम होळी करणाऱ्यांच्या रांगेत उभं करू नका. त्यातली काही मुखपृष्ठं मी पाहिली आहेत. एका हातात रक्ताळलेली कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात बायकोचं केस धरून उचललेलं मुंडकं. हे कोपऱ्यावरच्या दुकानात गोळ्या-बिस्किटांशेजारी टांगलेलं, आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. मी आई आहे. मला ते चाललं नसतं. होळीला माझा विरोधच आहे, पण भीती खोटी नव्हती.


दर्यावर्दी

रेवतीताईंनी सांगितलेलं मुखपृष्ठ हेच त्या सुनावणीत दाखवलं गेलं! मी न्यू जर्सीत राहतो. उपसमितीचे अध्यक्ष रॉबर्ट हेन्ड्रिक्सन इथलेच सिनेटर, म्हणून या सुनावणीबद्दल बरंच वाचलं आहे.

प्रकाशक विल्यम गेन्स स्वतःहून साक्ष द्यायला आला होता. हे महत्त्वाचं, कारण बाकीचे बहुतेक अंग चोरून होते. त्याच्या वडिलांनी ही कंपनी बायबलच्या आणि इतिहासाच्या सचित्र गोष्टी छापायला काढली होती. १९४७ मध्ये ते बोटीच्या अपघातात गेले आणि रसायनशास्त्राचा शिक्षक व्हायला निघालेल्या मुलाच्या गळ्यात धंदा पडला. त्याने तो भयकथांकडे वळवला आणि चालवून दाखवला.

सिनेटर केफॉव्हर यांनी ते मुखपृष्ठ वर धरून विचारलं, हे अभिरुचीला धरून आहे असं वाटतं का? गेन्स म्हणाला, हो, भयकथेच्या मुखपृष्ठासाठी आहे. मुंडकं आणखी वर धरून मानेतून ठिबकणारं रक्त दाखवलं असतं तर ते अभिरुचीहीन झालं असतं. केफॉव्हर म्हणाले, तोंडातून रक्त येतंय की. गेन्स म्हणाला, थोडंसं. दुसऱ्या दिवशी ते न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर.

माझ्या मते तो खरं तेच बोलत होता. भयकथेत किती दाखवायचं याचा विचार त्याने केलेला होता, आणि लपवाछपवी न करता तो सांगितला. त्याचीच त्याला शिक्षा झाली.


माळरान

दर्यावर्दी +१. माझा प्रश्न राहिला.


कुंभारवाडा

माळरान, मी मानसोपचार क्षेत्रात काम करते, माझ्या परीने सांगते. युद्धात वडील आघाडीवर, आई कारखान्यात, कुटुंबं कामासाठी एका शहरातून दुसऱ्या शहरात. मुलांवर घरच्यांची नजर कमी झाली होती हे खरं. पण त्याच वेळी मुलांच्या गुन्ह्यांकडे पाहणारे डोळेही वाढले: नवी पथकं, नवी नोंदवही, नव्या समित्या. नोंद वाढली की गुन्हे वाढल्यासारखे दिसतात. आकड्यांवरून तेव्हाही एकमत नव्हतं. आणि खुद्द उपसमितीचा अहवालही कॉमिक्समुळे गुन्हेगारी वाढली असं म्हणायला धजला नाही. प्रकाशकांनी आपलं घर आपणच साफ करावं, एवढंच त्याने सांगितलं.

आता वर्थॅमविषयी, कारण त्यांच्यावर नेहमी अन्याय होतो. हा माणूस कोण होता? १९४६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमधल्या काळ्या लोकांच्या हार्लेम वस्तीत एका चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक सुरू केलं. फी पंचवीस सेंट, नसली तर तीही नाही. काळ्या लोकांना मानसोपचार मिळण्याची सोय तेव्हा न्यूयॉर्कमध्ये जवळपास नव्हतीच. तिथे डॉक्टर पगार न घेता काम करत. डेलावेअरच्या शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यात त्यांनी मुलं तपासून साक्ष दिली. ते प्रकरण पुढे शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या ऐतिहासिक निकालात सामील झालं. निकाल १७ मे १९५४ चा. कॉमिक्सच्या सुनावणीनंतर महिनाही झाला नव्हता!

म्हणजे ज्याने वेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनावर होणारा आघात कोर्टासमोर मांडला, त्यालाच दहा सेंटच्या पुस्तकाचाही आघात दिसला. परिस्थिती मुलाला घडवते, ही एकच श्रद्धा दोन्हीकडे होती. त्यांना सोवळा संस्कृतीरक्षक म्हणणं मला पटत नाही.


अरुंधती_क

कुंभारवाडाताई, क्लिनिकबद्दल लिहिलंत ते वाचून आनंद झाला, हे फार थोड्यांना माहीत असतं. पण मी ग्रंथपाल आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही.

वर्थॅम यांची कागदपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि ती अभ्यासकांना २०१० मध्ये खुली झाली. कॅरल टिली या इलिनॉय विद्यापीठातल्या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक. त्यांनी मुलांच्या मूळ टिपणांशी पुस्तकातला मजकूर ताडून पाहिला. काय निघालं? वयं बदललेली. दोन मुलांचं बोलणं एकाच्या तोंडी घातलेलं. एकाच मुलाचं बोलणं फोडून अनेकांचं केलेलं. बॅटमन-रॉबिनमुळे समलैंगिक कल्पनांना खतपाणी मिळतं असं दाखवायला जी साक्ष वापरली, त्या मुलांनी मुळात टारझन आणि सबमरिनर ही कॉमिक्समधली दुसरी पात्रं जास्त आवडतात असं सांगितलं होतं. ते गाळलं. एका तेरा वर्षांच्या मुलीचं वागणं कॉमिक्सच्या माथी मारलं, पण ती टोळीत होती आणि घरातून पळून जात असे, हे पुस्तकात येऊच दिलं नाही.

हे मला फार लागलं. ती मुलं त्या क्लिनिकमध्ये विश्वासाने बोलायला आली होती. गरिबी, मारहाण, घरातले हाल त्यांनी सांगितले होते. हे सगळं बाजूला सारून त्यांच्या हातातलं कॉमिकच तेवढं पुढे आणलं. पंचवीस सेंट फी घेतली म्हणून मुलाचे शब्द बदलण्याची मुभा मिळत नाही.


कुंभारवाडा

टिपणं बदलली याचं समर्थन मी करणार नाही. रुग्णाचे शब्द बदलणं हा आमच्या पेशातला गंभीर गुन्हा आहे. पण त्यांची मागणी काय होती तेही पाहा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना हिंसक कॉमिक्स विकू नयेत, असा कायदा. मोठ्यांच्या वाचनावर बंदी त्यांनी मागितली नव्हती. प्रकाशकांची ती नियमावली त्यांनाही मान्य नव्हती. रक्त काढून टाकलं तरी मारामारी तशीच राहते आणि मुलांना वाटतं मारल्यावर काही होतच नाही, असं ते म्हणत.


नागपूरकर_वकील

शुभंकरच्या मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे कायदा झाला, हे इथे किती जणांना ठाऊक आहे?

ब्रिटनने १९५५ मध्ये मुलांना घातक प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. पाठोपाठ १९५६ मध्ये भारतीय संसदेने तरुण व्यक्ती (घातक प्रकाशने) अधिनियम संमत केला. दोन्हींची भाषा शेजारी ठेवून वाचली तर आपला मसुदा कुठून आला ते लगेच कळतं. गुन्हे, हिंसा किंवा क्रौर्य, किळसवाण्या वा भयंकर घटना मुख्यत्वे रंगवणाऱ्या, चित्रांच्या साहाय्याने किंवा चित्रांशिवाय सांगितलेल्या गोष्टी, आणि एकंदरीने तरुण वाचकाला बिघडवण्याकडे कल असलेलं प्रकाशन. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि 'तरुण व्यक्ती' म्हणजे कोण? वीस वर्षांखालची! म्हणजे एकोणिसाव्या वर्षी लग्न झालेल्या, मूल असलेल्या बाईच्या हाती भयकथेचं पुस्तक दिलं तरी कायद्याच्या लेखी ती बिघडण्याजोगी.

तरीही शुभंकरशी सहमत. आपल्या कायद्यात राज्य सरकारला जप्ती करायची तर आधी महाधिवक्त्यांचा सल्ला घ्यावा लागतो, अधिसूचना काढावी लागते, आणि साठ दिवसांत उच्च न्यायालयात दाद मागता येते. कायदा वाईट असला तरी त्याला दार आहे. अमेरिकेतल्या त्या शिक्क्याला दारच नव्हतं.


चकवा

वकीलसाहेब, 'भयंकर घटना' म्हणजे मग चांदोबाचं काय? प्रत्येक अंकात राजा विक्रम झाडावरचं प्रेत खांद्यावर टाकून स्मशानातून निघालेला, आणि प्रेत बोलतंय!


शुभंकर_ठाणे

चकवा, अमेरिकन नियमावलीत चालतीबोलती प्रेतं, रक्तपिपासू, मानवभक्षण, लांडगामानव हे सरसकट निषिद्ध होतं. विक्रम-वेताळाला शिक्का मिळाला नसता हे नक्की.

आपल्याकडे वेताळपंचविशी आजीच सांगते, त्यामुळे प्रेताची गोष्ट ऐकून मूल बिघडतं ही कल्पनाच कोणाच्या मनात येत नाही. तिथे ती गोष्ट अनोळखी माणसाने छापली होती आणि पोराने स्वतःच्या खाऊच्या पैशांतून घेतली होती. आईबापांना न विचारता पोरांनी निवडलेलं ते पहिलंच वाचन. राग त्याचाही होता असं मला वाटतं.


जंगलवाट

बरोबर. आमच्या घरी बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा गादीखाली आणि फास्टर फेणे टेबलावर असायचा.

इंद्रजाल कॉमिक्सचंही सांगतो. टाइम्स समूहाने १९६४ मध्ये सुरू केली, मराठीतही निघत, आमच्या पिढीचा वेताळ तिथलाच (चकवाचा नव्हे, जांभळ्या कपड्यातला). तिथेही कात्री चालायची. मूळ चित्रकथेत वेताळाचा देश बंगालच्या जवळ जाणाऱ्या नावाचा, तो आपल्याकडे 'डेंकाली' झाला. सिंग चाच्यांचे 'सिंगा' झाले. वेताळाच्या बापाचा खुनी 'रामा' होता, त्याचा 'रामालू' केला. सरकारने सांगितलं नव्हतं. वाचक दुखावतील म्हणून संपादकांनीच केलं. ही कात्री मला समजू शकते, तरी ती कात्रीच.


धुकं

मी ग्लासगोत शिकायला होते. तिथल्या गॉर्बल्स भागात सदर्न नेक्रोपोलिस नावाची जुनी दफनभूमी आहे. सप्टेंबर १९५४ मध्ये एका संध्याकाळी तिथे शेकडो मुलं जमली, काही चार-पाच वर्षांची, हातात काठ्या आणि सुऱ्या. सात फुटी, लोखंडी दातांच्या रक्तपिपासूने दोन मुलांना खाल्लं म्हणून त्याची शिकार करायला! पोलीस आले. कोणतंही मूल बेपत्ता नव्हतं. तरी पुढच्या संध्याकाळी मुलं परत हजर.

दोष लगेच अमेरिकन भयकॉमिक्सना दिला गेला आणि वकीलसाहेबांनी सांगितलेल्या १९५५ च्या कायद्याच्या चर्चेत ही घटना आली. लोखंडी दात मात्र कॉमिक्समधले नव्हतेच. बायबलमध्ये दानिएलच्या पुस्तकात लोखंडी दातांचं श्वापद आहे, आणि लोखंडी दातांच्या जेनीची एक जुनी स्कॉटिश कविता शाळेत शिकवली जायची.

त्या मोहिमेत चर्च, शिक्षक आणि ब्रिटिश कम्युनिस्ट एकत्र होते. कम्युनिस्टांचा राग कॉमिक्सपेक्षा अमेरिकेवर होता.


मॅपलपान

कॅनडाची भर घालतो. १९४८ मध्ये डॉसन क्रीकजवळ अकरा आणि तेरा वर्षांच्या दोन मुलांनी महामार्गावर लुटारूंचा खेळ खेळताना गोळी झाडली आणि गाडीतला एक माणूस मेला. मुलं भरपूर गुन्हेगारी कॉमिक्स वाचत असं पुढे आलं. पुढच्याच वर्षी डेव्ही फुल्टन या खासदाराने आणलेलं विधेयक संमत होऊन 'गुन्हेगारी कॉमिक' छापणं-विकणं हा फौजदारी गुन्हा झाला. ते कलम निघालं २०१८ मध्ये.

बंदूक मुलांच्या हाताला लागली होती. कायदा झाला तो कॉमिक्सवर.


पिंपळपार

एक गंमत. नियमावलीत 'वुल्फमॅन' म्हणजे लांडगामानव निषिद्ध. मार्व्ह वुल्फमन नावाचा लेखक कामाला लागला आणि एका गोष्टीत त्याचा उल्लेख आला. परीक्षकांनी हरकत घेतली. हे खरं आडनाव आहे म्हटल्यावर उत्तर आलं, मग श्रेयनामावलीत छापा. तेव्हापासून लेखकांची नावं छापायची सवय तिथे पसरायला मदत झाली म्हणतात.

अवांतराबद्दल क्षमस्व.


माळरान

अवांतर चालू द्या.


शुभंकर_ठाणे

पिंपळपार, हे नव्हतं माहीत! आता त्या शिक्क्याने काय केलं त्याचा सगळ्यात वाईट नमुना सांगतो, मूळ मुद्दा त्यातच आहे.

गेन्सच्या कंपनीची १९५३ ची एक विज्ञानकथा. लेखन अल फेल्डस्टीन, चित्रं जो ऑर्लँडो. पृथ्वीवरचा एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर तपासणीला जातो. तिथे नारिंगी आणि निळे यंत्रमानव आहेत, आतून हुबेहूब सारखे, पण निळ्यांची वस्ती वेगळी आणि कामं हलकी. तो निकाल देतो, तुम्ही अजून आमच्या संघात यायला लायक नाही. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो आणि दिसतं की तो काळा माणूस आहे.

१९५६ च्या सुरुवातीला ही कथा पुन्हा छापायला घेतली तर मर्फी म्हणाले, अंतराळवीर काळा नको. का? कारण नाही. नियमावलीत तर उलट वंश वा धर्माची टवाळी नको असं कलम होतं. गेन्सने पत्रकार परिषद घेण्याची धमकी दिली. मग म्हणाले, निदान चेहऱ्यावरचे घामाचे थेंब काढा. गेन्स आणि फेल्डस्टीन दोघांनीही साफ नकार दिला आणि आहे तशी छापली. त्या कंपनीचं ते शेवटचं कॉमिक बुक. त्यांच्याकडे उरलं विनोदी 'मॅड', तेही १९५५ मध्ये मोठ्या आकाराचं मासिक झालं होतं, म्हणून शिक्क्याच्या कक्षेबाहेर.

मुलांना क्रौर्यापासून वाचवायला बसवलेला माणूस वर्णभेदाविरुद्धची गोष्ट अडवत होता. वर्थॅम यांनी हे केलं नसतं, कुंभारवाडाताईंनी त्यांच्याविषयी जे लिहिलं त्यावरून मला खात्री आहे.


कुंभारवाडा

नसतं केलं. आणि शुभंकर, १९७३ मध्ये त्याच वर्थॅम यांनी कॉमिक्सचे चाहते हौसेने काढतात त्या छोट्या मासिकांचं कौतुक करणारं आख्खं पुस्तक लिहिलं.


जंगलवाट

शिक्का हटायला मात्र किती वर्षं! १९७१ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्यानेच मार्व्हल कंपनीचे लेखक-संपादक स्टॅन ली यांना अमली पदार्थांविरुद्ध गोष्ट लिहा म्हटलं. स्पायडरमॅनचे तीन अंक तयार झाले. ड्रग्जचा उल्लेखच परीक्षकांना चालेना, म्हणून शिक्का नाकारला. शिक्क्याशिवाय छापले आणि खपले. त्याच वर्षी नियम सैल झाले, ड्रॅक्युला आत आला. मार्व्हलने २००१ मध्ये शिक्का सोडला, डीसी आणि आर्ची या प्रकाशकांनी २०११ मध्ये.


रेवती ग.

सगळं वाचलं. अरुंधतींचा प्रतिसाद वाचून वर्थॅमचा रागही आला. पण माझा प्रश्न आजचा आहे. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याच्या मोबाइलवरच्या खेळात तो माणसाला बांधून गोळ्या घालू शकतो. मी काळजी केली की घरातलेच म्हणतात, तुझ्या आईने कॉमिक्स जाळली असती. मी काहीही जाळत नाहीये. मला एवढंच हवंय की तो किती खेळतो आणि काय खेळतो याबद्दल विचारण्याचा माझा हक्क कोणी हसण्यावारी नेऊ नये.


नागपूरकर_वकील

रेवतीताई, नेमका हाच प्रश्न २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे होता. कॅलिफोर्नियाने अठरा वर्षांखालच्यांना हिंसक व्हिडिओ गेम विकायला बंदी केली होती. न्यायालयाने ती सात विरुद्ध दोन अशी रद्द केली. न्या. स्कॅलिया यांनी निकालपत्रात स्वस्त कादंबऱ्या, सिनेमा, रेडिओ नाटकं आणि कॉमिक्स अशी आधीच्या भीतींची यादीच दिली.

पण तुम्ही न्या. ब्रेयर यांचं विरोधी मत वाचाच. तेरा वर्षांच्या मुलाला नग्न स्त्रीचं चित्र असलेलं मासिक विकायला बंदी, आणि त्याच मुलाला स्त्रीला बांधून तिचा छळ करण्याचा खेळ विकायला संरक्षण, याची संगती काय, असा त्यांचा सवाल आहे. मला त्याचं समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही.


शुभंकर_ठाणे

रेवतीताई, तुमच्या हक्काला हसणाऱ्यांमध्ये मी नाही. १९४८ मध्ये वर्थॅम यांच्या लेखाला वॉशिंग्टनच्या एका चौदा वर्षांच्या मुलाने उत्तर लिहिलं आणि 'सॅटर्डे रिव्ह्यू'ने ते छापलं. त्याच्याकडे पाच हजारांवर कॉमिक्स होती. त्याचं म्हणणं, बायबलमधल्या केनने भाऊ आबेलला मारलं तेव्हा कॉमिक्स नव्हती. वर्षानुवर्षं चाललेल्या त्या वादात मुलांना कोणीतरी विचारलं आणि त्यांचं बोलणं जसंच्या तसं छापलं, असं फार क्वचित झालं. तुम्ही मुलाला विचारताय. समिती नेमून किंवा शिक्का मारून ते झालं नसतं.

ब्रेयर यांच्या सवालावर मात्र मी वकीलसाहेबांच्या बाजूला नाही. दोन बंदींमधली विसंगती काढायची तर पहिली बंदीही तपासा, दुसरी कशाला वाढवायची?


रेवती ग.

इथे आपलं जमणार नाही, शुभंकर. पहिली बंदी मला हवी आहे. वकीलसाहेब, त्या निकालावर वेगळा धागा काढाल का?


नागपूरकर_वकील

काढतो. रविवारी.